म्हसोबाचा शब्द

माझा दीर दत्तू चपला घालून थेट माझ्या चुलीपर्यंत यायचा. सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण त्याच्या चपला काही उंबऱ्याबाहेर राहिल्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला धड नाकही पुसता येत नव्हतं. सासू लवकर गेली. त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, त्याच्यापायी मास्तरांची बोलणी खाणं, सगळं माझ्याच अंगावर आलं. तोच पुढं ग्रामपंचायतीचा मेंबर झाला आणि माझ्या घरात मलाच हुकूम सोडायला लागला. माझे मालक गेले, मग माझा मुलगा ट्रॅक्टरखाली गेला, आणि दत्तूला वाटलं, आता ह्या घरात पुरुष म्हणावा असा तो एकटाच.

त्या दिवशीही तसाच आला. डब्यातला शेंगदाण्याचा लाडू न विचारता उचलला, तोंडात घातला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "वैनी, उद्यापास्नं निवासला देवळात बसवायचा."

"चपला काढ आधी."

"काढतो की. सकाळी आंघूळ घालून धाडा. धोतर मी आणलंय त्याच्या मापाचं."

निवास म्हणजे माझा नातू. गेलेल्या मुलाचं एकुलतं एक पोर. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

आमच्या गावात म्हसोबाच्या जत्रेला पहिला बोकड कापायचा मान आमच्या घराचा. बाकीची बोकडं मग पडतात, आधी आमचं. ज्याच्या हातून पहिला घाव बसायचा त्यानं आधी पाच दिवस उपास धरायचा, देवळाच्या पडवीत झोपायचं, घरी फिरकायचं नाही. आणि त्या पाच दिवसांत त्याच्या तोंडून जे निघेल तो म्हसोबाचा शब्द. लोक ऐकायला येऊन बसतात. माझे मालक पाच दिवस मुक्यासारखे बसायचे आणि शेवटच्या दिवशी सांगायचे, "यंदा कडबा जपून वापरा." एवढंच. मी म्हणायची, हे सांगायला देव कशाला अंगात यायला पाहिजे, हे तर मीही सांगेन. ते हसायचे. पण गाव खरंच कडबा जपून वापरायचं.

त्यांच्यामागं मुलानं मान चालवला. मुलामागं दोन वर्षं दत्तूनं. पण रीत अशी की थोरल्या घरात पोरगा हाताशी आला की मान त्याचा. आणि त्या वर्षी गावानं ठरवलं, निवास हाताशी आला.

गावाला काय कळतं! होळीपासून पोराचं काहीतरी बिनसलं होतं. कबड्डी खेळणारा, सगळ्यांना नावं ठेवून हसवणारा पोरगा कॉलेज सोडून घरात येऊन बसला. दाढी वाढली. ताटात वाढलेलं खाईना, स्वतः हंड्यातून काढून घ्यायचा. आमच्या भिंतीला लागून यशवंताची पिठाची गिरणी. ती चालू झाली की हा कान दाबून गोठ्यात जाऊन बसायचा. आणि घरातलं एकेक हत्यार नाहीसं व्हायला लागलं. आधी खुरपं, मग कोयता, मग विळी. माझी सून नंदा बिचारी हातानं भेंडी मोडायची आणि म्हणायची, "आत्याबाई, ह्या घरात कुणीतरी भुरटं शिरतंय."

दत्तू धोतर ठेवून गेला आणि मी गोठ्यात गेले. निवास म्हशीच्या पलीकडं उकिडवा बसला होता.

"विळी कुठं टाकलीस?"

"विहिरीत."

"आणि कोयता?"

"सगळं विहिरीत."

"का रं बाबा? तुझ्या आज्याची विहीर काय भंगाराचं दुकान हाय?"

तो हसला नाही. पूर्वी हसला असता. म्हणाला, "आज्जी, मला दाव्यानं बांध. म्हशीशेजारी बांध, चालंल. पण मोकळा ठेवू नको."

मी त्याच्याजवळ शेणातच बसले. त्याच्या हाताला हात लावला तर हात बर्फासारखा.

"डोळं मिटलं की तुमी दिसताय," तो म्हणाला. "तू, आई. कापलेल्या. आन् सुरा माझ्या हातात. मला नको असतंय गं ते. मी उघडं डोळं ठेवून बसतो, तर उघड्या डोळ्यानं दिसतंय."

"आणि गिरणी?"

"गिरणीत यशवंताकाका बोलतो. पट्टा फिरला की त्यात आवाज येतो. तुला कापतो, तुला कापतो. रोज."

मला ह्याचं नाव माहीत नव्हतं. पुढं मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. म्हणाल्या, "आजी, हा आजार असा दारात येतो तेव्हा पुष्कळांना अशी मारामारीची, रक्ताची चित्रं दिसतात, कुणीतरी आपल्याला मारणार असं वाटतं. ज्याला दिसतं तोच सगळ्यांत जास्त भ्यालेला असतो. लवकर आणलं तर बरं होतं." अजून आम्ही त्यांच्याकडं गोळ्या आणायला जातो. पण तेव्हा गोठ्यात मला एवढंच कळलं की पोरगा भ्यालाय, आणि आम्हाला इजा होऊ नये म्हणून त्यानं घरातली सगळी पाती विहिरीत टाकलीत. असल्या पोराच्या हातात गाव उद्या सुरा देणार होतं.

मागं वळले तर दत्तू माघारी येऊन दारात उभा. चपला घालूनच. सगळं ऐकलं होतं त्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"वैनी, देव बोलाय लागला की."

"उपास उद्यापासून हाय ना? मग आज कुठला देव? आज आजार हाय. ह्याला मी सकाळी मिरजेला नेणार."

"जत्रा झाल्यावर न्या." तो पुढं आला, आवाज खाली केला. "आता न्हेलं तर काय हुईल, ठावं हाय ना? सगळं गाव म्हणंल, थोरल्या घरात येडं निपजलं. आन् सुरा जाईल यशवंताच्या हातात. त्याचा बाप मरुस्तवर म्हणत हुता, मान आमचा, मान आमचा. तुमच्या मालकांनी ह्याच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, वैनी."

मान मलाही प्यारा होता. ज्या घरात मी पदर खोचून उभी राहिले त्या घराची गावात मान खाली जावी, हे मला चालणार नव्हतं. मी म्हटलं, "उपास धरू दे. पण सुरा मी त्याच्या हातात देऊ देणार नाही. घाव तू घाल. आणि पाची दिवस मी त्याच्याजवळ बसणार."

"बाईमाणसानं पडवीत बसायचं नसतं."

"मग मला उचलून बाहेर टाक. बघू किती जणं लागत्यात."

कुणी उचललं नाही. मी घोंगडी टाकून बसले. पुजाऱ्यानं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हटलं, "तुझं तोंड असंच राहिलं तर बायको वळखायची न्हाई," तेव्हा तो गप्प झाला.

पण उपासानं पोरगा आणखीच ढासळला. पोटात अन्न नाही, डोळ्यांत झोप नाही. मी सगळ्यांदेखत त्याला केळं भरवलं. बायका कुजबुजल्या, उपास मोडला. मी म्हटलं, "म्हसोबाला सांगा, म्हातारीनं मोडला, मला काय करायचं ते कर." पण पोरगा दोन घास गिळायचा आणि थुंकायचा.

लोक ऐकायला जमायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवी गच्च भरली होती, आणि दत्तू त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

"निवास, बाळा, तुला कोण कापणार?"

"दत्तू, गप बस," मी म्हटलं.

"देवाला इचारतोय मी, वैनी. तुमाला न्हाई. बाळा, नाव घे."

पोरानं माझ्याकडं बघितलं. ओठ वाळून फुटले होते. "यशवंताकाका," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"यशवंताकाका कापणार. आन् मीबी कापणार हाय. मला सगळी कापलेली दिसत्यात. मला घरी न्या. न्हाईतर बांधा."

पहिलं नाव सगळ्यांनी ऐकलं. पुढचं कुणाच्या कानात शिरलं नाही. "म्हसोबा, म्हसोबा," म्हणत बायकांनी कपाळ टेकलं. मी ओरडले, "अरे, पोरगा बांधा म्हणतोय, ते ऐका की!" पण दत्तू उठून उभा राहिला आणि माणसांच्या तोंडाकडं बघत हळू म्हणाला, "ऐकलं न्हवं सगळ्यांनी?"

दिवस कलायच्या आत यशवंता आला. चाळिशीचा, कायम पिठानं पांढरा झालेला माणूस. पायरीखालीच उभा राहिला, हात जोडून.

"काकू, मी काय केलं हो? हे पोरगं लहानपणी माझ्या गिरणीत पोत्यावर झोपायचं."

"तू काय केलं नाहीस. पोराला आजार हाय."

"मग असं करतो. जत्रा हुईपर्यंत गिरणी बंद ठेवतो. आवाजाचा तरास हुत आसंल त्याला." त्यानं निवासकडं बघितलं. "बाळा, बंद करतो हां."

निवास त्याच्याकडं टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "काका, तुमी माझ्याजवळ येऊ नका. तुमाला काय हुईल."

यशवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई येत," म्हणाला आणि माघारी गेला. तेव्हापासून गिरणी बंद. दारावर त्यानं खडूनं लिहूनही ठेवलं.

जत्रेच्या दिवशी नंदानं सकाळी निवासला न्हाऊ घातलं, पांढरं धोतर नेसवलं. तो माझ्या डाव्या बाजूला बसला आणि त्यानं माझा हात धरला. लहानपणी बाजारात धरायचा तसा, चार बोटं मुठीत घट्ट. "सोडू नको," म्हणाला. "लघवीला जायचं झालं तरी सांग. सोडू नको."

हलगी वाजत होती. शेंदूर लावलेला बोकड खांबाला बांधला होता. सुरा ताटात, ताट देवापुढं. गाव सगळं देवळापुढच्या माळावर. ऊन डोक्यावर आलं, पण दत्तूचा पत्ता नाही. पुजारी दोनदा येऊन विचारून गेला, "मेंबर कुठं हायती? घाव कोण घालणार?"

"येईल," मी म्हटलं.

एवढ्यात निवास ताठ झाला. त्याची बोटं माझ्या हातात रुतली.

"आज्जी, गिरणी सुरू झाली."

"गिरणी बंद हाय, सोन्या."

"सुरू झाली."

मी हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली. आणि मग मलाही ऐकू आलं. गावाकडून, माळाच्या खालच्या अंगानं, पट्टा फिरल्याचा आवाज. सगळ्यांना ऐकू आलं. थोडा वेळ चालला. मग त्यात एक दुसरा आवाज मिसळला, तो मी सांगत नाही. मग पट्टा थांबला.

निवास रडायला लागला. आवाज न करता. मी त्याला छातीशी धरून बसले, आणि माझ्या आजूबाजूची माणसं हळूहळू खाली गावाकडं पळायला लागली.

बातमी वर आली ती तुकड्यातुकड्यांनी. कुणीतरी यशवंताला गिरणीत गाठलं. काठीनं मारलं. गिरणी चालू केली आणि उजवा हात पट्ट्यात घातला. कोपरापर्यंत गेला. बेशुद्धच जीपमधून सांगलीला नेला, वाचेल म्हणतात. त्याची बायको तालुक्याच्या गावाला माहेरी होती, पोरं जत्रेत होती. बघितलं कुणी नाही.

मग दत्तू आला. ओले केस, धुतलेला सदरा. माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. माझ्याइतकं त्याला कुणी न्हाऊ घातलेलं नाही. मला माहीत आहे, तो कानामागं कधी धूत नाही. कानामागं पीठ होतं.

"वैनी," तो देवाकडं बघतच म्हणाला, "फौजदार येतोय. ऐका. निवासनं केलं म्हणायचं."

मी निवासचा हात आणखी घट्ट धरला.

"सगळ्या गावानं ऐकलंय, मी कापणार असं तो बोलला. येड्याला जेल नसतंय. फाशी नसती. सरकारी दवाखान्यात ठेवतील, औषधपाणी हुईल. तुमाला तेच पायजे हुतं न्हवं? तुमचंबी काम झालं, माझंबी." तो माझ्याकडं सरकला. "मी आत गेलो तर शेत कोण बघणार? नंदाला आन् तुमाला कोण हाय? आन् मला तुमीच वाढवलंय, वैनी. तुमच्या मांडीवर मी भाकरी खाल्ली."

"काठी कुठनं आणलीस?"

"आता त्याचा हात मानाचा सुरा धरायचा न्हाई. आन् देवानंच नाव घेतलं हुतं, वैनी."

"देवानं मीबी कापणार असंही म्हटलं हुतं. मग ह्याला का न्हाई मारलंस?"

तो धुतलेल्या सदऱ्याची बाही ओढायला लागला.

नंदा मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या तोंडाला पदर होता आणि डोळे माझ्यावर. दत्तूच्या हातात तिच्या घरातला दाणा होता, ती काय बोलणार!

फौजदार आला. तरुण होता, बाहेरगावचा. बरोबर दोन शिपाई. माणसं पुन्हा माळावर जमली. दत्तू उठला, हात जोडून म्हणाला, "साहेब, घरातलं दुःख हाय. पोराचं डोकं फिरलंय. पाच दिवस कापतो कापतो म्हणत हुतं. आमी लक्ष दिलं न्हाई, चुकी आमची."

मेंबरपुढं लोकांनी होकाराच्या माना हलवल्या. ज्या बायका परवा निवासच्या पायाला कपाळ लावत होत्या त्या मागं सरकल्या, पोरांना ओढून घेतलं. फौजदार निवासपुढं उकिडवा बसला.

"काय रे, तू मारलंस?"

निवासनं माझ्याकडं बघितलं, मग फौजदाराकडं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मीच आसंन," तो म्हणाला. "मला दिसत हुतं."

"काय दिसत होतं?"

"रगत. हात. मी तिथं हुतो का, आज्जी? मी तुझा हात सोडला हुता का?"

फौजदार शिपायाकडं वळून म्हणाला, "ह्याला उठवा."

शिपायानं त्याच्या दंडाला धरलं. पोरगा उठायला लागला, निमूट. जणू आता बांधणारं कुणीतरी भेटलं म्हणून त्याला बरंच वाटलं. त्याची बोटं माझ्या हातातून सुटायला लागली, आणि मी ती सोडली नाहीत. शिपायानं ओढलं. मी त्याच्याबरोबर उठले. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे, पण मी उठले.

"साहेब," मी म्हटलं, "हे पोरगं सकाळी आंघूळ करून माझ्याशेजारी बसलंय, ते आत्ता उठलं. गिरणी वाजली तेव्हा हे इथं हुतं. सगळ्या गावासमोर हलगी मी थांबवली. इचारा हलगीवाल्याला."

हलगीवाला मान खाली घालून उभा होता. फौजदारानं विचारलं. त्यानं दत्तूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. "व्हय साहेब," तो म्हणाला. "पोरगं म्हातारीचा हात धरून बसलं हुतं. गिरणी सुरू झाली हे त्यानंच सांगितलं."

"मग डोकं फिरलेलं आहे म्हणतात ते?"

"आजारी हाय. खोटं न्हाई. उद्या मी त्याला मिरजेला नेणार हाय, आधीच न्हेलं असतं तर बरं झालं असतं. पण मारलं कुणी हे इचारायचं आसंल तर मेंबरच्या कानामागं बघा."

दत्तूचा हात कानाकडं गेला. आपोआप गेला. सगळ्यांनी बघितलं.

"वैनी," तो म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं. "आईसारख्या तुमी. दोन शब्द बदलाय काय जातंय? हा तसाबी गेलेलाच हाय."

निवास माझ्या खांद्याला टेकून उभा होता. मी त्याला एका हातानं धरलं आणि दत्तूसमोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की त्याला मान वर करता येईना. गाव ऐकत होतं. मला ऐकवायचंच होतं.

"हा गेलेला न्हाई, दत्तू. ह्याला खोटं दिसत हुतं, आन् तरी ह्यानं कुणाला नख लावलं न्हाई. तुला सगळं खरं दिसत हुतं, उजेडात, डोळं उघडं ठेवून, आन् तू एका गरिबाचा हात पट्ट्यात घातलास. वर त्याचं पाप ह्या लेकराच्या डोक्यावर घालाय निघालास. ह्याच्या दुखण्याला डॉक्टर हाय. तुझ्या दुखण्याला न्हाई. चल. साहेबांच्या गाडीत जाऊन बस."